आपापला कोस

आमच्या वाईत हल्ली सकाळी भेटलेल्या माणसाला 'काय, बरे आहे ना?' असे विचारण्याची पद्धत मागे पडत चालली आहे. त्याऐवजी 'आज किती झाले?' असे विचारतात. किती म्हणजे किती किलोमीटर. विचारणाऱ्याच्या अंगात रंगीत पट्ट्यांचा घट्ट सदरा असतो, डोक्यावर हेल्मेट असते आणि त्याच्या सायकलीच्या किमतीत माझ्यासारख्या मास्तराचे घर दोन-तीन महिने चालावे. प्रश्न तो प्रेमाने विचारतो, यात शंका नाही. पण आपण 'मेणवलीला जाऊन आलो' असे उत्तर दिले की त्याच्या तोंडावर एक विशिष्ट हसू उमटते. हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटरवर. जाऊन-येऊन सहा. नाना फडणविसांचा वाडा, वाड्यामागे कृष्णेचा घाट आणि घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणून सांगतात ती भली मोठी घंटा. नानांसारख्या माणसाला राज्यकारभाराच्या रगाड्यातून विसाव्यासाठी जे ठिकाण पुरेसे वाटले, ते आमच्या सायकलवाल्यांना पुरत नाही. 'सहा? म्हणजे अंग गरम झाले म्हणायचे, सर!' असे म्हणून ते पुढे निघून जातात.

मला जे म्हणावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. मौजेखातर सायकल चालवणाऱ्याचे योग्य अंतर ज्याचे त्यालाच शोधावे लागते. ते दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरत नाही, आणि ते सापडले की नाही हे रस्त्यावर कळत नाही, घरी परतल्यावर कळते. हे साधे सत्य बाजूला सारून शंभर किलोमीटरचा उंबरठा उभा करणारे लोक सायकलीचा प्रसार करीत नसून, तिच्यापासून माणसे तोडीत आहेत.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला चित्रकलेचा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या कोण वाचतो हे प्रकाशकालाच ठाऊक. शरीरशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. पण सायकल मी तीस वर्षांहून अधिक काळ चालवीत आहे, आणि माझी चूक करून झालेली आहे. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

१९९०-९१ च्या सुमारास, म्हणजे मी नऊ-दहा वर्षांचा असताना, आमच्या आळीच्या तोंडाशी भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. तासाला एक रुपया. दुकानदार वहीत नाव लिहून घेई, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवी आणि म्हणे, 'मोठा काटा परत इथे आला की हजर पाहिजेस.' उशीर झाला तर दुसरा रुपया, आणि दुसरा रुपया तर आमच्यापाशी नसे. दांड्याच्या खालून पाय घालून, अर्धे-अर्धे पायडल मारीत आम्ही निघत असू. किती लांब जावयाचे हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. जेथून परत फिरले असता तासात दुकान गाठता येईल, तेथवर जग. कधी ते नदीच्या पुलापर्यंत असे, कधी मेणवलीच्या वाड्यापर्यंत. वारा समोरून असला तर लौकर वळावे लागे. दोघांत एक सायकल असली तर आणखी लौकर. आज विचार करताना वाटते की अंतर काढण्याची खरी रीत आम्हांला तेव्हा ठाऊक होती. परतीचा विचार मनात धरूनच आम्ही निघत होतो.

मोठेपणी ती रीत मी विसरलो. गावातल्या काही हौशी मंडळींनी सायकलस्वारांचा एक गट काढला आणि 'सर, तुम्ही तर जुने सायकलवाले' म्हणून मलाही त्यात ओढले. आठ-पंधरा दिवस बरे गेले. मग प्रत्येकाचे किलोमीटर रोज रात्री मोबाइलवर सर्वांना दिसू लागले. माझे नाव यादीत तळाशी असे. तळाशी असण्याची मास्तराला सवय असते. पण माझ्याच हाताखाली शिकून गेलेली पोरे वर दिसू लागली, तेव्हा मात्र मन खट्टू झाले. एका डिसेंबरातल्या रविवारी मी शंभर करावयाचे ठरवले.

आणि केले. वाईहून सातारा, सातारा ओलांडून नागठाण्याच्या अंगाला, आणि परत. जेवणखाण धरून साडेआठ तास लागले. माझी सायकल काळी, उभ्या हँडलची, विसेक किलो वजनाची, बिनगिअरची. त्या दिवसात मी काय पाहिले असे कोणी विचारील तर प्रामाणिक उत्तर असे की, पुढच्या माणसाच्या सायकलीचे मागचे चाक पाहिले. शेवटचे वीस किलोमीटर दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर होत्या. संध्याकाळी माझा फोटो काढण्यात आला, अभिनंदनाचे संदेश आले. रात्री पोरीने काही विचारले त्यावर मी खेकसलो. जेवलो नाही, तसाच पडलो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला सातवीच्या वर्गावर होतो. 'नदीकाठ' हा विषय दिला होता. एका मुलाने नदीचे पाणी तांबड्या रंगात रंगवले होते. 'पाणी तांबडे असते का रे?' असे विचारून त्याचे उत्तर येण्याआधीच मी त्याचा कागद टरकावला. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाचा कागद फाडलेला नव्हता. वर्ग एकदम गप्प झाला. तो मुलगा रडला नाही. त्याने तुकडे गोळा करून दप्तरात ठेवले. मेणवलीच्या घाटावर संध्याकाळी सूर्य कलताना पाणी तांबडे दिसते, हे मी त्याच्या आधी पन्नासदा पाहिलेले होते. पुढे मी त्याची वर्गासमोर माफी मागितली. पण त्यानंतर तो नदी निळी रंगवू लागला, ती दहावीला जाईपर्यंत.

शंभर किलोमीटरचा हिशेब मांडताना हा कागदही त्यात धरला पाहिजे. मोबाइल तो धरीत नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी सायकलीला हात लावला नाही. आकडा गाठलेला माणूस सायकल सोडून देतो, ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण मी आजूबाजूला पाहतो तो असे पुष्कळ आहेत. मोठ्या हौसेने घेतलेल्या सायकली जिन्याखाली धूळ खात उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना विचारा: त्यांतल्या बहुतेकांची शेवटची फेरी ही सर्वांत लांब फेरी असते.

माझे राहू द्या. आमच्या शाळेतल्या एक बाई वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या. लहानपणी घरात मुलींना सायकल मिळाली नाही; लेक कॉलेजात गेली, तिची सायकल रिकामी झाली, तेव्हा यांनी पहाटे कोणी पाहत नाही अशा वेळी पडत-झडत शिकून घेतली. एका सकाळी त्या एकट्या दोन किलोमीटर गेल्या आणि दोन किलोमीटर आल्या. शाळेत आल्या त्या अशा चेहऱ्याने, की मला वाटले यांना बढती मिळाली. त्यांनी ती बातमी शिक्षकांच्या मोबाइल-गटावर फोटोसकट टाकली. पाच मिनिटांत उत्तर आले: 'छान! आता फक्त शहाण्णव राहिले.' लिहिणारा दुष्ट नव्हता. त्याने विनोद केला. बाईही हसल्या. पण त्यानंतर त्यांना सायकलीवर कोणी पाहिले नाही. चाळीस वर्षे वाट पाहून मिळवलेला चार किलोमीटरचा आनंद एका वजाबाकीत संपला.

मला या शंभराची जातकुळी पाहावीशी वाटते. हा आकडा आला कोठून? इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांतले सायकलस्वार जे शतक मोजतात ते शंभर मैलांचे असते. म्हणजे एकशे एकसष्ट किलोमीटर. आपण १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, म्हणून आपले शतक बासष्ट मैलांवर आटोपते. देह तोच, गुडघे तेच. कोष्टक बदलताच पराक्रम कमी-जास्त होतो. उद्या कोणी कोसांत मोजू लागला, तर शंभर कोस म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास जाईल आणि आजचे सगळे वीर यादीच्या तळाशी माझ्या शेजारी येऊन बसतील. शरीराला दशमान पद्धत कळत नाही. त्याला ऊन, वारा, चढ, भूक आणि झोप कळते.

कोस या मापाचा एक मोठा गुण होता, तो म्हणजे तो ठिकठिकाणी वेगळा होता. मोजणीखात्याला तो दोष वाटला, आणि जमिनीच्या मोजणीत तो दोषच आहे. पण चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहा. डोंगरातला कोस आणि देशावरचा कोस सारखा नसावा, यात शहाणपण आहे. आमच्याच गावचे घ्या. वाईहून पाचगणी बाराएक किलोमीटर. पण त्यात पसरणीचा घाट आहे आणि साडेपाचशे मीटरांची चढण आहे. वाईहून सुरूरचा फाटा दहाएक किलोमीटर. पण पावसाळ्यात तिकडे जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो आणि परतताना तोच तोंडावर येतो. धोम आठ-नऊ किलोमीटर; जाताना नदीच्या उगमाकडे आणि वाऱ्यावर जावे लागते, येताना मात्र कोणीतरी मागून हात लावल्यासारखी सायकल घरंगळत येते. तिन्ही अंतरे कागदावर जवळजवळ सारखी. पण धोमला जाऊन आलेला माणूस संध्याकाळी गप्पा मारतो आणि सुरूरहून आलेला पाय दाबून घेतो.

अंतर कसे नेमावे हे आपल्याकडे कोणाला कळलेच नव्हते असे नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी पाहा. पुण्याहून सासवडपर्यंत दिवे घाट चढून तीसेक किलोमीटर चालले, की सासवडला मुक्काम वाढवतात. पुढे आमच्या जिल्ह्यात शिरल्यावर लोणंद ते तरडगाव ही वाटचाल उणीपुरी आठ किलोमीटरांची. तीतही वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ रिंगण होते. एक दिवस तीस, एक दिवस आठ! मोबाइलवरच्या यादीने पाहिले तर आठ किलोमीटरांचा दिवस लाजिरवाणा ठरेल. पण त्या आठांत म्हातारी चालते, लेकुरवाळी चालते, आणि पंढरपूर सगळ्यांना गाठता येते. 'तुमचा सरासरी वेग काय हो माउली?' असे विचारणारा अजून वारीत निघालेला नाही. निघाला तर त्याला हसतील.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप: 'तुम्हांला जमले नाही म्हणून द्राक्षे आंबट.' याचे उत्तर वर येऊन गेले. जमले. त्याची किंमत एका सातवीतल्या मुलाने दिली.

दुसरा आक्षेप: 'मग ज्यांनी मोठी अंतरे तोडली त्यांचा तुम्ही अपमान करता काय?' मुळीच नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पुरी केली. त्यांना माझा नमस्कार आहे. फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यावयाची १,२०० किलोमीटरची फेरी १८९१ सालापासूनची; हल्ली ती चार वर्षांनी एकदा होते आणि तिला जास्तीत जास्त नव्वद तास मिळतात. तिच्या तयारीसाठी २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. हे सारे ज्यांना मनापासून करावेसे वाटते त्यांचा तो कोस आहे. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. माझी तक्रार आहे ती त्यांच्या कोसाने दुसऱ्याचे अंगण मोजणाऱ्यांविषयी. भीमसेन जोशी यांचे गाणे ऐकून आलेल्या माणसाने घरी अंगाई गाणाऱ्या आजीला 'तीन तास गाऊन दाखव' म्हणावे, त्यातला हा प्रकार.

आणि गंमत अशी की हे भांडण काही वाईत जन्मलेले नाही. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे होते की गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे. स्नायूंनी जिंकावे, यंत्राने नव्हे. त्यांच्या हिशेबाने मला अजून वर्षभर गिअरला हात लावण्याची परवानगी नाही! त्यांच्या विरुद्ध बाजूला सेंट एटिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) उभे होते. 'व्हेलोसिओ' या नावाने ते लिहीत. स्वतः रात्ररात्र सायकल चालवणारा हा माणूस. पण त्याने सायकलस्वारांना घालून दिलेल्या नियमांचा मथितार्थ असा, की भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, दमण्याआधी थांबावे आणि प्रतिष्ठेखातर पायडल मारू नये. लांब जाणाऱ्यानेच हे सांगितले आहे, हे ध्यानात घ्या. देग्रांज यांच्या शर्यतीतही पुढे १९३७ साली गिअर बदलण्याच्या यंत्राला मुभा मिळाली. म्हणजे वादात शेवटी कोण खरा ठरला ते उघड आहे.

तिसरा आक्षेप प्रकृतीचा. 'थोडे चालवून उपयोग काय? चरबी कशी झडणार?' जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जो सल्ला दिला, तो आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा आहे. ताशी बारा किलोमीटर या माझ्या बैलगाडीच्या चुलतभावाच्या वेगाने १५० मिनिटांत तीस किलोमीटर होतात. आठवड्याचे पाच दिवस मेणवली केली की हिशेब पुरा! ज्या सहा किलोमीटरांवर तुम्ही हसता, त्यांनी आरोग्य संघटनेचे समाधान होते. तुमचे होत नाही. शिवाय वेगाच्या मागे लागणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो. वारा कोणाच्या प्रतिष्ठेला भीत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार: 'ध्येय नसले की माणूस आळसावतो.' यावर मी लेखक म्हणून बोलतो. मी रोज दोन पाने लिहितो. एके काळी ईर्षेने एका बैठकीत दहा पाने लिहीत असे आणि मग आठवडाभर टेबलाकडे फिरकत नसे. दोन पाने हे माझे अंतर मला पहिल्या कादंबरीने शिकवले. त्यात आळस नाही. उलट, रोज करता येईल एवढेच करण्याला जी शिस्त लागते, ती एका दिवसाच्या धडाक्याला लागत नाही.

तर मग आपले अंतर काढावे कसे? माझी रीत सांगतो. पटली तर घ्यावी. आरंभ इतक्या थोड्या अंतराने करावा की आपल्याला स्वतःचेच हसू यावे. सीट इतपत उंच घ्यावी की पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. निम्मी गुडघेदुखी तेथेच मिटते. जाताना वाऱ्यावर किंवा चढावर जावे, म्हणजे परतीची उतराई होते. आणि मग तीन वेळा स्वतःची परीक्षा घ्यावी. पहिली परीक्षा वाटेत: सोबत्याशी बोलता येते का? वाक्य तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर हळू व्हावे. दुसरी परीक्षा रात्री ताटावर: घरच्या माणसांशी नीट बोललो का, की जेवण हे एक काम वाटले? तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: सायकलीकडे पाहून काय वाटते? पुन्हा निघावेसे वाटत असेल तर अंतर बरोबर आहे. तिच्याकडे पाठ फिरवावीशी वाटत असेल तर ते जास्त झाले. काहीच वाटत नसेल तर थोडे वाढवून पाहावे. पंधरा-वीस दिवसांत आकडा आपोआप हाती येतो, आणि तो ऋतूप्रमाणे, वयाप्रमाणे बदलत राहतो.

दीड वर्षानंतर मी पुन्हा आरंभ केला तो सहापासून. आज माझे अंतर अकरा आहे. मेणवली ओलांडून थोडे पुढे एक चिंच आहे, तेथे मी वळतो. समर्थांचे मारुतीही अकराच. त्यामुळे या आकड्याला आमच्या जिल्ह्यात थोडी प्रतिष्ठा आहे असे मी मनाशी म्हणून घेतो. चिंचेपुढे जाण्याची ताकद नाही असे नाही. पण चिंचेपासून परत फिरलो, तर रात्री पोरीचे ऐकून घेण्याइतका आणि दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गावर माणसासारखा उभा राहण्याइतका मी शिल्लक उरतो. मास्तराने आपल्या मौजेवर किती खर्च करावा याचा यापेक्षा चांगला ताळा मला ठाऊक नाही.

दिवाळीची सुटी आहे. पाऊस ओसरला आहे, ऊन अजून कडक झालेले नाही, सकाळी शेतांवर धुके असते. सायकलीला याहून चांगले दिवस नाहीत. त्या आमच्या बाईंनी परवा जिन्याखालची सायकल बाहेर काढून तिच्या दोन्ही चाकांत हवा भरून घेतली, असे सायकलवाल्याने मला सांगितले. त्या कोठवर जातील हे मला ठाऊक नाही आणि मला ते जाणून घ्यावयाचेही नाही. वाईकरांना एवढीच विनंती, की त्या वाटेत भेटल्या तर नमस्कार करावा, वाट द्यावी. पण 'किती झाले?' असे कृपा करून कोणी विचारू नये.